भीती नेमकी कोणाची? उर्मिला मातोंडकर आणि एक संशोधन-प्रश्न

"एखाद्या नटीवर पीएच.डी. होते का हो?" असं बरेच जण विचारतात. होते. पण 'टाइमपास विषय' असा शेरा एकदा ऐकला की विषय सोडून दिला जातो, आणि खरी गोची तिथेच आहे. विषय हलका नसतो, प्रपोजल हलकं असतं.

उर्मिला मातोंडकर घ्या. जन्म 1974, मुंबई. 1980 साली डॉ. श्रीराम लागूंच्या 'झाकोळ'मध्ये बालकलाकार, मग 'कलयुग', 'मासूम', आणि 1995 चा 'रंगीला'. एवढं लिहून थांबलात तर तो बायोडेटा झाला. प्रश्न इथून पुढे सुरू होतो. 'रंगीला'त नाचलेली हीच नटी त्याच राम गोपाल वर्मांच्या 'कौन' (1999) आणि 'भूत' (2003) मध्ये आपल्याला घाबरवते, आणि दोन्ही सिनेमांत एकही गाणं नाही. मग ती भीती कोणाची? नटीची, कॅमेऱ्याची की आवाजाची?

मोखाड्याकडच्या वाचकांनी बोहाडा पाहिलाच असेल. तिथे मुखवट्याचा चेहरा हलत नाही, भाव उभा करायचा तो अंगाने आणि चालीने. रामसेंच्या 'पुराना मंदिर'मधल्या (1984) सैतानाचंही साधारण तेच, मेकअप बरंच काम करून जातो. 'भूत'मध्ये मात्र स्वाती आणि तिला झपाटणारी मंजीत एकाच चेहऱ्यातून दिसायला हव्यात. म्हणजे निरीक्षणाची जागा ठरली: नजर, मान, चाल, आवाज. आता एकेक व्हेरिएबल वेगळं काढा. तोच प्रसंग आधी आवाज बंद करून बघा, मग नुसता ऐका, आणि दोन्ही वेळच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

अडचण अशी की दोन्ही सिनेमांचा दिग्दर्शक एकच, त्यामुळे श्रेय कोणाचं ते सुटं होत नाही. (समीक्षक ते बिनधास्त दिग्दर्शकाला देऊन टाकतात. मला हे पटत नाही, पण माझं न पटणं हा पुरावा नव्हे.) म्हणून तुलनेला 2003 चाच 'पिंजर' घ्या, दिग्दर्शक चंद्रप्रकाश द्विवेदी. भीती तिथेही आहे, पण भूत नाही, फाळणी आहे.

स्पेनच्या सोलेदाद मिरांदाच्या बाबतीत हाच गुंता आणखी घट्ट आहे. ज्या भयपटांमुळे तिचे चाहते जगभर झाले ते मुख्यतः हेसुस फ्रांकोचे. 1970 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी ती मोटार अपघातात गेली, आणि त्यातले काही सिनेमे तिच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाले. तिला कोणी काही विचारू शकत नाही. तुमच्या विषयाला विचारता येतं. मुलाखतीची परवानगी मागा, प्रश्न कामापुरते ठेवा, खासगी आयुष्यात शिरू नका.

'आजोबा' (2014) सुद्धा यादीत ठेवा. त्यात ती बिबट्याचा माग काढणारी संशोधक आहे. भयपट नाही, म्हणूनच कंट्रोल म्हणून कामाचा.

सुरुवात 'कौन'पासून करा. शेवट माहीत नसेल तर परीक्षणं आत्ता वाचू नका. पहिल्यांदा बघताना तिच्यावरचा विश्वास कोणत्या मिनिटाला डळमळला ते लिहून ठेवा. ती नोंद दुसऱ्यांदा मिळत नाही.