शाळेंतील कला आणि शिक्षकाचा आधार

शाळेच्या वेळापत्रकांत चित्रकला, गायन, हस्तव्यवसाय हे विषय छापलेले असतात. परंतु परीक्षा जवळ आली म्हणजे प्रथम त्यांचेच तास गणिताला अथवा इंग्रजीला दिले जातात. ज्यांनीं शाळा आंतून पाहिली आहे, त्यांस हें नव्यानें सांगावयास नको. दोष मात्र बहुधा शिक्षकाच्या माथीं येतो. त्याला कलेची आवड नाहीं, असें लोक म्हणतात. माझें म्हणणें असें, कीं आवड असणारे शिक्षक पुष्कळ आहेत. उणीव आहे ती आधाराची. हा आधार कोणता व तो कोणीं द्यावयाचा, याचा आज थोडा विचार करूं.

या प्रश्नाचें महत्त्व कोणाला अधिक, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. सुखवस्तु घरचें मूल शिकवणी लावून पेटी शिकतें, रंगांची डबी विकत घेतें. मोलमजुरी करणाऱ्या घरच्या मुलाचा शाळेंत बुडालेला तास दुसरीकडे कोठेंही भरून निघत नाहीं.

आतां कायदा काय सांगतो तें पाहूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला. त्याच्या अनुसूचींत असें नमूद आहे, कीं सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असतील, तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठीं अंशकालीन निदेशक असावेत. म्हणजे ज्या शाळेचा पट शंभर किंवा त्याहून कमी, तिला ही तरतूद लागूच नाहीं; आणि पहिली ते पांचवीस तर असा निदेशक मुळींच सांगितलेला नाहीं. वाड्यावस्त्यांवरील लहान शाळांत भाषा, गणित शिकवावयाचें तें वर्गावरच्या गुरुजींनीं अथवा बाईंनीं, आणि मुलांना गातें-चितारतें करावयाचें तेंही त्यांनींच.

हें कसें साधतें, याचें एक उदाहरण आपल्या वर्धा जिल्ह्यांत आहे. १९३७ सालच्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेंतून नयी तालीमची कल्पना पुढें आली. हाताच्या उद्योगांतून शिक्षण, हें तिचें सूत्र. शांतिनिकेतनाच्या कलाभवनांत शिकलेले देवीप्रसाद हे १९४४ सालीं सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले व पुढें अनेक वर्षें त्यांनीं तेथील मुलांबरोबर काम केलें. कला हा शिक्षणाचा पायाच आहे, हा विचार त्यांनीं पुढें ग्रंथरूपानेंही मांडला. ते स्वतः जाणते कलावंत होते हें खरें. पण त्यांच्या भोंवतीं असलेली शाळाही तशीच होती. तेथें हातानें करावयाच्या कामाला कोणी कमी लेखीत नसे. असा शेजार नसेल, तर उत्तम कलाशिक्षकही एकटा पडतो.

तेव्हां पहिला आधार मुख्याध्यापकांचा. कलेचा तास दुसऱ्या विषयास न देण्याचा निश्चय त्यांनींच केला पाहिजे. वर्गशिक्षक एकटा तो पाळूं शकत नाहीं.

दुसरा आधार गांवाचा. मी स्वतः गायन कधीं शिकलों नाहीं. परंतु शाळेचें समूहगान दरवर्षीं बसविलें, तें गांवांतील भजनी मंडळाच्या भरंवशावर. पखवाज वाजविणारे बुवा आठवड्यांतून एकदां येत, मुलें ताल धरीत, आणि शिकवितां शिकवितां मलाही चार गोष्टी समजत. पालघर जिल्ह्यांत वारली समाजाच्या सुवासिनी लग्नप्रसंगीं घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहीत आल्या आहेत. ज्या वर्गांतील मुलांच्या आया व आज्या ही विद्या जाणतात, तेथें शिक्षकानें त्यांस मानानें बोलवावें व आपण मुलांबरोबर बसून शिकावें. अशा पाहुण्यांस जाण्यायेण्याचा खर्च व यथाशक्ति मानधन मात्र शाळेनें दिलें पाहिजे. तें शिक्षकाच्या खिशांतून जातां कामा नये.

तिसरा आधार प्रशिक्षणाचा. दिल्ली येथें १९७९ सालीं सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालें. नोकरींत असलेल्या शिक्षकांना कलांची व परंपरेची ओळख करून देणें, हें त्याचें एक मुख्य काम आहे. परंतु शिक्षक शिकून परत आला आणि त्याला ना तास मिळाला, ना कागद-रंग, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय? शेजारच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात, त्या बैठकींत एखादा तास तरी माहितीपत्रकें बाजूला ठेवून शिक्षकांनीं स्वतः माती मळावी, चित्र काढावें, गाणें म्हणावें. ज्यानें स्वतः हात मळविले आहेत, तो मुलाचें वेडेंवांकडें चित्र खोडीत नाहीं.

आपल्याकडे शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आहेत. त्यांनीं अनेकांस या विषयाकडे वळविलें, हें मान्य केलें पाहिजे. तथापि परीक्षेस बसतात तीं निवडक मुलें. राहिलेल्या मुलांचें काय, हा प्रश्न वर्गशिक्षकापाशींच येऊन थांबतो.

शेवटीं पालकांस एक विनंती. निकालपत्र पाहावयास शाळेंत जाल, तेव्हां मुलाची चित्रवहीही मागा. ती कोरी असेल तर गुरुजींवर रागावूं नका. त्यांना तास मिळतो काय, रंग मिळतात काय, हें विचारा आणि मग मुख्याध्यापकांकडे जा.