इंधनाचा हिशेब : मैल, गॅलन आणि लिटर

मिरजेच्या परिसरात द्राक्षे, ऊस व भाजीपाला यांच्या वाहतुकीवर शेतकऱ्याचा पुष्कळ पैसा खर्च होतो. या खर्चाचा मोठा भाग इंधनाचा असतो. परंतु त्याचा हिशेब बहुधा अंदाजानेच केला जातो.

भारतात १९५६ साली वजनमापांचा कायदा होऊन दशमान पद्धती स्वीकारण्यात आली. पुढे मैलाची जागा किलोमीटरने व गॅलनची जागा लिटरने घेतली. तथापि जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत ‘गॅलनला इतके मैल’ असा उल्लेख आढळतो. १ मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर व १ ब्रिटिश गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर होय. म्हणून मैलांच्या आकड्यास ७ ने गुणून २० ने भागावे, म्हणजे लिटरला किती किलोमीटर ते स्थूलमानाने कळते. गॅलनला ३० मैल म्हणजे लिटरला सुमारे साडेदहा किलोमीटर. अमेरिकन गॅलन मात्र ३.७८५ लिटरचाच असल्याने पुस्तिका कोणत्या देशाची आहे, हे आधी पाहावे.

लिटरला किती किलोमीटर, एवढ्यावर खर्चाचा हिशेब केल्यास चूक होण्याचा संभव असतो. मिरज ते कोल्हापूर हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. समजा, मालाने भरलेली गाडी जाताना लिटरला १० व रिकामी परतताना १५ किलोमीटर चालली. सरासरी साडेबारा असे पुष्कळांना वाटेल. परंतु जाताना ५ लिटर व येताना ३.३३ लिटर, असे १०० किलोमीटरला ८.३३ लिटर इंधन लागले. म्हणजे खरी सरासरी १२ च होय.

यासाठी १०० किलोमीटरला किती लिटर लागतात, हे काढावे. १०० ला लिटरमागील किलोमीटरने भागले की हा आकडा मिळतो. दुरुस्तीने एक जीप ८ वरून १० वर आली व दुसरी मोटार १६ वरून २० वर आली, तर दर १०० किलोमीटरला जीपची बचत अडीच लिटर व मोटारीची सव्वा लिटरच होते. दोन्ही गाड्या सारख्याच धावत असतील, तर आधी जीप दुरुस्त करणे हिताचे.

शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरला किलोमीटरचे माप लागू पडत नाही. तेथे एकरी किती लिटर, हे पाहावे. तासाला ४ लिटर डिझेल जाळणारा ट्रॅक्टर २ तासांत १ एकर नांगरीत असेल, तर एकरी ८ लिटर, म्हणजे हेक्टरी सुमारे २० लिटर डिझेल लागते.

ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांना एक साधी वही ठेवण्यास सांगावे. टाकी काठोकाठ भरून मीटरचा आकडा लिहावा. पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर लागले, ते मांडावे. लिटरांस १०० ने गुणून मधल्या किलोमीटरांनी भागावे. हा आकडा एकाएकी वाढल्यास टायरमधील हवा, एअर फिल्टर व इंजिन यांची तपासणी विनाविलंब करून घ्यावी.