सतार जुळवली तरी टाळ्या पडल्या, पण मदतीचे पैसे १० वर्षं अडकले! रॉकच्या इतिहासातल्या एका मैफिलीची गोष्ट

पूर असो, भूकंप असो, कलाकार एकत्र येतात, कार्यक्रम करतात आणि जमलेले पैसे आपत्तीग्रस्तांना देतात. आज यात आपल्याला काही नवल वाटत नाही. पण रॉक संगीताच्या दुनियेत ही प्रथा मोठ्या प्रमाणावर सुरू करण्याचं श्रेय ज्या कार्यक्रमाला दिलं जातं, त्यामागे एक भारतीय सतारवादक होते हे तुम्हाला माहीत आहे का?

ते होते पंडित रविशंकर!

१९७१ साल. पूर्व पाकिस्तान आधीच्या वर्षीच्या भीषण चक्रीवादळातून सावरलाही नव्हता, तोच मार्चमध्ये पाकिस्तानी लष्कराने तिथे दडपशाही सुरू केली. लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात येऊ लागले. रविशंकर मूळचे बंगाली. त्यांचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचा जन्मही त्याच भूमीतला. साहजिकच ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या शिष्याला गाठलं.

हा शिष्य म्हणजे ‘बीटल्स’चा जॉर्ज हॅरिसन! १९६६ मध्ये त्यांच्याकडे सतार शिकण्यासाठी तो थेट मुंबईत येऊन राहिला होता.

रविशंकर यांच्या मनात एक छोटी मैफल होती. हॅरिसनने मात्र फोन फिरवायला सुरुवात केली आणि अवघ्या काही आठवड्यांत बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल अशी फौज उभी राहिली.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ झाली. एकाच दिवशी दोन खेळ, मिळून सुमारे ४० हजार प्रेक्षक!

सुरुवात भारतीय संगीताने झाली. सतारीवर रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर झाकीर हुसेन यांचे वडील उस्ताद अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्यांनी वाद्यं जुळवून घेतली आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, हेच वादन! जुळवणं एवढं आवडलं असेल, तर वादन आणखी आवडेल, अशी आशा रविशंकर यांनी हसत हसत व्यक्त केली.

तिकीटविक्रीतून जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर लगेच ‘युनिसेफ’कडे गेले. खरी मोठी कमाई पुढे ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटातून होणार होती. त्या अल्बमला १९७३ मध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’चा ग्रॅमीही मिळाला.

पण इथेच माशी शिंकली.

कार्यक्रमाआधीच एखाद्या मदतसंस्थेला अधिकृतपणे जोडून घेऊन करसवलतीची कागदपत्रं करणं गरजेचं होतं. घाईगडबडीत ते राहून गेलं. अमेरिकेच्या कर खात्याने ही कमाई करमुक्त मानायला नकार दिला आणि लाखो डॉलर वर्षानुवर्षं अडकून पडले. सुमारे ८८ लाख डॉलरची मोठी रक्कम युनिसेफला मिळाली, तेव्हा १९८० चं दशक उजाडलं होतं. ज्या निर्वासितांसाठी हा खटाटोप झाला, त्यांच्या छावण्या कधीच उठल्या होत्या!

मग कार्यक्रम फसला का? तसं नाही. ज्या देशाचं नावही अनेक अमेरिकन तरुणांनी ऐकलं नव्हतं, ते एका दिवसात त्यांच्या तोंडी आलं. प्रत्यक्षात तो देश स्वतंत्र व्हायला अजून डिसेंबर उजाडायचा होता. १९८५ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ झालं, तेव्हा या मैफिलीचा आदर्श आणि तिचा धडा दोन्ही समोर होते.

चांगल्या कामाला नुसतं मन मोठं असून भागत नाही, कागदपत्रंही वेळेत लागतात. पुढच्या वेळी मदतीचं आवाहन पाहाल, तेव्हा कलाकारांच्या नावांसोबत पैसे कोणत्या संस्थेकडे आणि कसे जाणार आहेत, हेही नक्की वाचा!