चाचणी एकच, अर्थ दोन

जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने माटुंगा, चेंबूर पश्चिम, दहिसर या वॉर्डांत कोरोनाच्या अँटिबॉडी तपासल्या. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, इतरत्र १६ टक्के लोकांत त्या सापडल्या.

समजा, एखादी चाचणी बाधितांपैकी ९० टक्के ओळखते आणि इतरांपैकी ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. झोपडपट्ट्यांबाहेरच्या हजारांत १६० बाधित. त्यातले १४४ खरे पॉझिटिव्ह, उरलेल्या ८४० मधले ४२ खोटे. म्हणजे पॉझिटिव्ह निकालावर भरवसा ७७ टक्के. झोपडपट्टीत तोच ९६!

बाधितांच्या मूळ प्रमाणानुसार निकालाचा अर्थ बदलतो, हे थॉमस बेझचे सूत्र दाखवते. त्याची हीच ताकद मला मोलाची वाटते. विश्लेषकांनो, मूळ प्रमाण नक्की ठाऊक नसेल, तर १० ते २५ टक्के धरून पाहा. भरवसा ६७ ते ८६ टक्क्यांत हलतो; अहवालात तो पट्टाच लिहा.