नवजात बाळ आणि कोरोना

आईला कोरोना झाला तर पोटातल्या बाळालाही होतो का? २०२० साली हा प्रश्न साऱ्या जगात विचारला जात होता. त्या वर्षी मे महिन्यात पुण्याच्या ससून रुग्णालयात एक बाळ जन्मले. आईला बाळंतपणाआधी ताप येऊन गेला होता, पण तिच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. बाळाच्या नाकातील नमुन्यात, नाळेत आणि वारेत मात्र तो सापडला. म्हणजे संसर्ग गर्भातच, वारेतून झाला होता. दोन-तीन दिवसांत बाळ फार आजारी पडले. सुमारे तीन आठवड्यांनी बरे होऊन घरी गेले.

असे क्वचितच घडते. बहुतेक बाळांना लागण होते ती जन्मानंतर, आजारी माणसाच्या खोकल्या-शिंकांतून. (बारशाला सर्दी घेऊन येणारे आणि बाळाचा मुका घेणारे पाहुणे आपल्याकडे कमी नाहीत!) म्हणून बाळाला आईपासून तोडू नये. आईने मास्क लावून, साबणाने हात धुऊन अंगावर पाजावे, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पहिला पिवळसर चीक तर मुळीच टाकू नये. भारतात जुलै २०२१ पासून गर्भवतींनाही लस देण्यास परवानगी मिळाली. आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात.

महिन्याच्या आतले बाळ दूध ओढेना, सुस्त पडले, अंग तापले वा गार पडले किंवा धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तलमडुगुहून सरळ आदिलाबादच्या रिम्समध्ये न्यावे. वाटेत त्याला आईच्या छातीशी उबेत धरावे.