सार्वजनिक बांधकामें आणि लांचलुचपत

आपण स्वतःचें घर बांधावयास काढलें म्हणजे गवंड्याच्या पाठीशीं उभे राहतों, वाळूंत माती किती आहे हें मुठींत घेऊन पाहतों. पैसा आपला आणि राहणारेही आपणच. सरकारी पुलाचें तसें नसतें. पैसा एकाचा, तो खर्चणारा दुसरा, आणि पुलावरून जाणारा तिसरा. या तिघांमधील अंतरांत लांचेला जागा मिळते. देश गरीब असून पैसा कर्जाचा व मक्तेदार परदेशचा असला, तर हें अंतर फारच वाढतें.

आफ्रिकेंतील लेसोथो या डोंगराळ राज्याचें उदाहरण घेऊं. तेथील पाणी दक्षिण आफ्रिकेस पुरविण्याचा करार १९८६ सालीं झाला, व त्याकरितां १८५ मीटर उंचीचें कात्से धरण बांधण्यांत आलें. या योजनेचे मुख्याधिकारी मासुफा सोले हे होते. त्यांना लांच देणाऱ्यांत कॅनडा, जर्मनी अशा धनाढ्य देशांतील कंपन्या निघाल्या. तेव्हां गरीब देश तेवढे अप्रामाणिक, हा समज आपण सोडलेला बरा.

टेंडर उघडतांनाच काय तो घोटाळा होतो, असें श्रोत्यांस वाटत असेल. पण खरी गोम पुढें आहे. काम सुरू झाल्यावर खडक अपेक्षेहून कठीण निघतो, नकाशे बदलतात, मुदत वाढवावी लागते, आणि दर वेळीं जादा रकमेस मंजुरी हवी असते. अर्ध्यावर मक्तेदार बदलणें परवडत नाहीं. झालेलें काम काँक्रीटखालीं गडप झालेलें, तें तपासणार कोण? मग जी एक सही बिल अडवूं किंवा सोडूं शकते, तिला बाजारभाव येतो.

लेसोथोंत ही लांच हातोहात दिली गेली नाहीं. कंपन्या 'प्रतिनिधि' नेमीत, त्यांस मोबदला देत, व त्यांतील वांटा स्वित्झर्लंडमधील खात्यांतून सोले यांजकडे पोंचे. स्विस बँकांचे कागद न्यायालयामार्फत हातीं आले नसते, तर हें उघडकीस येणें कठीणच होतें. २००२ सालीं सोले यांस १८ वर्षांची शिक्षा झाली, ती अपिलांत १५ वर्षांवर आली. त्याच सालीं एकर्स ही कॅनडाची कंपनी दोषी ठरली; पुढील वर्षीं जर्मनीची लाहमायर. खटल्यांचा बोजा त्या लहानशा राज्यानेंच बव्हंशीं वाहिला. जागतिक बँकेनें एकर्सला तीन वर्षें आपल्या कामांतून वगळलें, पण तें २००४ सालीं, निकालास दोन वर्षें होत आलीं तेव्हां.