व्हेसुव्हिअसचा टांगता टोमॅटो

इटलीतील नेपल्स शहरानजीक व्हेसुव्हिअस हा ज्वालामुखी आहे. १९४४ साली त्याचा शेवटचा उद्रेक झाला. त्याच्या उतारावर एक लहानसा टोमॅटो पिकवितात. फळ पंचवीस ग्रॅमच्या आतले, साल जाड, टोक चोचीसारखे निमुळते. त्याचे नाव पिएन्नोलो, म्हणजे लोंबणारा. उन्हाळ्यात पिकलेले घोस देठांसकट तोडून दोरीच्या वळ्याभोवती गुंफतात व हवेशीर जागी टांगतात. आपल्याकडे लसणाच्या जुड्या आढ्याला टांगतात, तसेच हे. परंतु इतके रसाळ फळ हिवाळाभर टिकावे, हे नवलच.

या फळाची चव नुसती गोड वा आंबट नव्हे. तीत कढणासारखा एक भरीवपणा असतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशैवालाच्या कढणातून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले व त्याच्या चवीला ‘उमामी’ म्हटले. टोमॅटोतही हेच आम्ल असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील संशोधनात असे दिसले की, बाहेरच्या मांसल भागापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ते अधिक असते. बिया काढून टाकणारी गृहिणी चवीचा मोठा वाटा टाकून देते, असे म्हणावयास हरकत नाही!

परसबागेत हा टोमॅटो लावणाऱ्यास एक निवड करावी लागते. पाणी सढळ दिले तर फळे मोठी व पुष्कळ येतात, पण चव पातळ होते. व्हेसुव्हिअसची राखट जमीन पाणी धरून ठेवीत नाही, उन्हाळाही कोरडा. त्यामुळे तेथे फळे थोडी लहान, पण रस दाट. मात्र पाणी तोडणे म्हणजे झाड वाळविणे नव्हे. ओल अनियमित झाली की फळाच्या टोकापर्यंत चुना पोहोचत नाही व ते काळे पडते. कोरड्या दिवसांनंतर एकदम भरपूर पाणी दिल्यास साल तडकते, आणि तडकलेले फळ टांगण्याच्या कामाचे राहत नाही. म्हणून पाणी बेताचे, पण नेमाने द्यावे. वेलासारख्या वाढणाऱ्या झाडाला काठीचा आधार हवाच. आपल्याकडे दमट पावसाळी हवेत घोस टांगल्यास बुरशी धरते. पीक कोरड्या दिवसांत हाती येईल असे पाहावे.

हे वाण संकरित नाही. निवडक फळाचे बी गरासह पेल्यात पिळून दोन-तीन दिवस आंबू द्यावे. आपल्याला रुचणारा तोच गर बियांना फळातच अंकुरण्यापासून रोखतो. तो सुटला की बी धुऊन सावलीत वाळवावे व पुढील हंगामासाठी कागदी पुडीत ठेवावे.